हिल्काची जागा

माझ्यावरून दोघांना कधीच शेजारी शेजारी चालता आले नाही. मित्रांनो, मी जन्मलेच मुळी दोन फळ्यांच्या रुंदीची. खाली आडवे ओंडके, वर दोन लांब फळ्या, त्या संपल्या की पुढच्या दोन, अशी मी लाकडी वाट दलदलीतून थेट तळ्यापर्यंत जात होते. आता माझा फार थोडा भाग उरला आहे. जुन्या माणसांसारखी मलाही बोलायची खोड लागली आहे, तेव्हा थोडे ऐकून घ्या.

फिनलंडमधल्या एका शहराच्या कडेला, जिथे बस शेवटची थांबते, तिथे नवी वसाहत झाली. इमारतींच्या मागे पाइनचे रान, रानापलीकडे दलदल आणि दलदलीपलीकडे तळे. लोकांना तळ्यावर जायचे असे, आणि दलदल त्यांचे बूट ठेवून घेत असे. मग तौनो नावाच्या सुताराने मनावर घेतले. वसाहतीतल्या सगळ्यांना त्याने सावडीने कामाला जुंपले. भर थंडीत दलदल गोठून दगड झालेली असताना त्यांनी फळ्या घसरगाडीवरून ओढून आणल्या आणि बर्फ वितळल्यावर ठोकल्या. तौनोचा शेजारी पेंटी तेव्हा तरुण होता. तो एक खिळा ठोकायचा आणि दोन विनोद करायचा. तौनो मात्र फारसा बोलत नसे. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट सोडा, पाणी निघून गेले पाहिजे, एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत असे. त्या फटीमुळेच मी इतकी वर्षे टिकले. काम संपल्यावर सगळे माझ्यावर रांगेने बसले आणि वाटाण्याचे दाट सूप प्याले. माझे बारसे म्हणायचे ते तेवढेच.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून बरे वाटते. वसंतात क्रौंच पक्षी परत येत आणि लोक दुर्बिणी घेऊन माझ्यावर ताटकळत उभे राहत. उन्हाळ्यात मुले ओल्या पायांनी तळ्यावरून धावत येत, त्यांच्या मागे डासांचा थवा आणि त्यामागे ओरडणाऱ्या आया. पावसात मी निसरडी होत असे, म्हणून कोणीतरी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणून माझ्यावर ठोकली. हिवाळ्यात मी बर्फाखाली झोपे आणि वरून पायांना लाकडी पट्ट्या बांधून घसरत जाणाऱ्या लोकांची सळसळ ऐकत असे. समोरासमोर दोघे आले की एकाला अंग चोरून कडेला उभे राहावे लागे. तेवढ्यात मान हलवायची आणि पुढे जायचे, एवढेच इथल्या लोकांचे बोलणेचालणे. मला ते आवडायचे. कोण आले हे मला पावलांवरून कळायचे, नाव ऐकायची गरज पडत नसे.

तौनोची बायको हिल्का. ती उत्तरेकडची. तिच्या गावाकडे दलदलीत लाक्का नावाचे फळ पिकते. एका देठाला एकच फळ, मधाच्या रंगाचे आणि मऊ. वसाहतीत राहायला आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात हिल्काला काही गोड लागेना. नव्या घराच्या खिडकीशी बसून ती गावाच्या आठवणीने रडायची. तौनोने समजूत घालून पाहिली नाही, कारण ते त्याला जमण्यासारखे नव्हते. तो मुकाट्याने दलदल धुंडाळत राहिला. जुलै सरता सरता एका सकाळी तो तिला माझ्यावरून घेऊन आला. वाळून करडा पडलेला एक पाइन माझ्या कडेला उभा आहे, तिथे थांबून त्याने तिचा हात धरला आणि तिला शेवाळावर उतरवले. झाडामागे सगळी जमीन लाक्काने पिवळी झाली होती. हिल्का खाली बसली आणि पुन्हा रडली, पण हे रडणे वेगळे होते. माझ्या फळ्यांना तो फरक कळला.

आता इथली रीत सांगते. रान सगळ्यांचे असते, फळ कोणीही कुठलेही तोडावे, कोणी अडवत नाही. पण लाक्काची जागा ज्याची त्याने पोटात ठेवायची. जावयाला सांगत नाहीत, सख्ख्या बहिणीला सांगत नाहीत. आणि दुसऱ्याची जागा चुकून कळलीच, तर कळली असे दाखवणे हा मोठा उद्धटपणा.

हिल्काने कधी ताकास तूर लागू दिली नाही. बादली घेऊन ती चोरपावलांनी यायची, करड्या पाइनशी आली की बुटाची नाडी बांधायला वाकायची आणि मागे-पुढे बघून टुणकन उतरायची. तिच्या बुटांना नाडी नव्हतीच, ते रबराचे होते. कोणी आले तर ती साळसूदपणे पक्षी बघत उभी राहायची. परत जाताना बादलीवर नेचाची पाने पसरलेली असायची, आणि दर वर्षी कुठेतरी पेंटी समोरून यायचाच.

"काय मिळालं?" तो विचारायचा.

"थोडंफार."

"कुठे गं?"

"दलदलीत."

"दलदल मोठी आहे," पेंटी म्हणायचा आणि अंग चोरून तिला वाट द्यायचा. दोघांच्याही चेहऱ्यावरची रेष हलत नसे. हे ऐकायला मी वर्षभर थांबत असे.

मग दिवस पालटले. तौनो गेला. माझ्या फटी तपासायला कोणी येईनासे झाले, फटींत माती भरली, मातीत गवत रुजले, आणि माझे अंग आतून भुसभुशीत झाले. पेंटीने दोन-चार फळ्या बदलल्या, पण त्याचेही गुडघे बोलू लागले होते. हिल्का काठी घेऊन येत राहिली. पुढे तिचे कंबरेचे हाड मोडले आणि ती चाकांच्या खुर्चीत बसली. दोन फळ्यांवर खुर्ची कशी चालणार? तिची मुलगी पैवी तिला खडीच्या रस्त्याने माझ्या तोंडापर्यंत आणायची आणि दोघी तिथून दलदलीकडे बघत बसायच्या. जुलै सरायचा. करड्या पाइनमागे लाक्का पिकायची, गळायची. असे दोन उन्हाळे गेले, आणि मला माझ्या जुनेपणाची लाज वाटली.

वसाहतीच्या सभेत ठरले की नवी, रुंद वाट बांधायची. तिच्यावरून खुर्ची जाईल, बाळांच्या गाड्या जातील. सगळे म्हणाले, हिल्काला पुन्हा तळे दिसले पाहिजे. म्हातारा पेंटी पुढारी झाला. सरळ वाटेला लाकूड कमी लागते, म्हणून त्याने दोरी ताणून सरळ रेघ धरली आणि बर्फात खुंट्या रोवून त्यांना लाल फिती बांधल्या. मी बर्फाखाली होते, पण खुंट्यांचे ठोके मोजून मला रेघ कळली. करड्या पाइनपाशी ती माझ्यापासून फुटत होती आणि त्याच्या मागून, अगदी मधोमध, जात होती.

पहिला खांब हिल्काने ठोकायचा असे ठरले. हिवाळ्याच्या अखेरीस बर्फावर कडक पापुद्रा धरला, तेव्हा पैवीने तिला घसरगाडीवर बसवून ढकलत आणले. लोक कॉफीचे थर्मास आणि वेलदोड्याचे गोड पाव घेऊन जमले होते. पेंटीने तिच्या हातात हातोडा दिला. हिल्काने आधी करडा पाइन पाहिला, मग लाल फितींची रांग पाहिली. हातोडा मांडीवरच राहिला.

मित्रांनो, तिच्या जिवाची उलघाल मला खालून कळत होती. बोलावे तर इतकी वर्षे जपलेली जागा चारचौघांत उघडी पडणार. न बोलावे तर ती कायमची फळ्यांखाली जाणार. आणि हे सगळे लोक तिच्याच खुर्चीसाठी थंडीत राबायला आले होते. त्यांना कोणत्या तोंडाने नको म्हणायचे?

"पेंटी, वाट इथून नको," ती अखेर म्हणाली.

"का गं?" पेंटीने विचारले. तो आपल्या हातमोज्यांकडे बघत होता.

मग हिल्का हळू आवाजात म्हणाली, "इथे माझी लाक्का आहे. तौनोनं दाखवलेली."

कोणाला आश्चर्य वाटल्याचे दिसले नाही. कोणी कॉफीत बघत होते, कोणी आभाळात. पेंटीने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"आम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

"ठाऊक होतं तर खुंट्या इथे का रोवल्यास?"

"अगं, मी कसा बोलणार? बोललो असतो तर मला ठाऊक आहे हे तुला कळलं असतं ना. मला वाटलं दुसरं कोणीतरी सांगेल."

आणि तसे प्रत्येकाला वाटले होते. प्रत्येक जण त्या फिती पाहून हळहळला होता, आणि घरी जाऊन मूग गिळून बसला होता. पैवीसुद्धा. "मी लहानपणी एकदा तुझ्या मागून आले होते, आई," ती म्हणाली. "एकच फळ खाल्लं."

हिल्काने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिले. "मग मी नव्हते त्या दोन उन्हाळ्यांत कोणी तोडली?"

"कोणी नाही," पेंटी म्हणाला. "ती तुझी जागा आहे."

"म्हणजे सगळी सडवलीत? एवढी लाक्का?" हिल्का त्यांना रागावू लागली आणि रागावता रागावताच तिचे डोळे भरून आले. तिला वाटले होते की ही जागा आपण एकटीने राखली. ती तर सगळ्या वसाहतीने राखली होती.

पेंटीने खुंट्या उपटल्या. नव्या वाटेला तिथे एक वळण मिळाले आणि लाकूड थोडे जास्त लागले. मला मात्र त्या उन्हाळ्यात उखडले. कुजलेल्या फळ्या शेकोटीत गेल्या, त्याचे मला वाईट वाटत नाही, त्यावर सगळ्यांनी सॉसेज भाजून खाल्ले. धड राहिलेल्या फळ्या पेंटीने निवडून घेतल्या आणि वळणावर करड्या पाइनमागे एक छोटा ओटा बांधला, खुर्ची उभी राहील आणि वाकले की हात लाक्काला पोहोचेल एवढा. बोटभर फट सोडायला तो विसरला नाही. मी आता एवढीच आहे.

जुलै सरत आला की पैवी खुर्ची ओट्यावर आणते, चाके अडकवते आणि तळ्याकडे तोंड करून उभी राहते. वाटेवरून जाणारे लोक वळणाशी आले की त्यांना एकदम तळ्याकडे काहीतरी दिसते. आया मुलांच्या माना तिकडे वळवतात. हिल्का खाली वाकून, कोणाच्या नकळत, बादली भरते. परतताना समोरून पेंटी येतो. आता वाट रुंद आहे, तरी तो अंग चोरून कडेला उभा राहतो.

"कुठे गं?"

"दलदलीत."

"दलदल मोठी आहे."

मित्रांनो, तुमच्याकडेही अशी एखादी फळ्यांची वाट असेल. तिच्यावरूनच चाला, शेवाळावर उगाच पाय देऊ नका, ते वाढायला फार वर्षे लागतात. तिच्या फटींतली माती कधीतरी काडीने काढा, तिला बरे वाटेल. आणि कधी माझ्याकडे आलात, वळणावर एखादी म्हातारी खुर्चीतून वाकलेली दिसली, तर थांबू नका. तळ्याकडे बघत पुढे जा, तिकडे त्या वेळी एकही पक्षी नसला तरी.