नाल्यापलीकडे जाणारी भाजीची गाडी

मित्रांनो, मी रोहणा गावातली एक जुनी हातगाडी आहे. तानबा सुताराने बाभळीच्या लाकडातून मला घडवलं, तेव्हा साऱ्या गावाला माझा हेवा वाटायचा, असं मी तरी मानते. प्रेमदासभाऊंनी वर्षानुवर्षे माझ्यावर भाजी विकली. "माही गाडी म्हणजे लक्षुमी हाय," असं ते चारचौघांत सांगायचे. पुढे त्यांनी ऑटो घेतला आणि मला गोठ्यामागे उभं केलं. माझ्यावर कोंबड्या अंडी घालू लागल्या. यंदा थंडी पडताच भाऊंनी मला फोडून सरपण करायचं ठरवलं. फार वाईट वाटलं मला.

तेवढ्यात शाळेतली रुचिका आणि नीलेश मला मागायला आले. "नाई चालली तं फोडीनच," असं बजावून भाऊंनी मला त्यांच्या हवाली केलं. नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, ताजी भाजी मिळत नव्हती. तिथल्या एकुलत्या दुकानात बिस्किटं आणि चिप्स तेवढे असत, आणि बाजाराला जावं तर कापूस वेचणीची मजुरी बुडे. टोल्यावरच्या रुपाला सातवा महिना होता. अंगात रक्त कमी, म्हणून डॉक्टरांनी तिला पालेभाजी खायला सांगितली होती. पण आणायची कुठून?

शाळेत सरांनी मुलांना सांगितलं होतं, आधी लोकांची अडचण ऐका, मग वस्तू बनवा, वापरून बघा, चुकली तर बदला. पोरांनी ऐकण्याची पायरीच गाळली! मला हिरवा रंग दिला, धूळ बसू नये म्हणून काचेची कपाटं बसवली. रविवारी सकाळी बाजारातली भाजी भरून मी नटूनथटून टोल्यावर पोचले, तर दारोदार कड्या. सगळ्या बाया वेचणीला गेलेल्या. एकट्या रुपाने मेथीची जुडी घेतली. बाकीची भाजी सुकून गेली.

"एका जुडीसाठी रोज यायले कसं परवडन?" नीलेश पुटपुटला. रुपाचा चेहरा उतरला.

पोरं मात्र चिवट. संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिली. रुपाची सासू आनंदाबाई वेचणीवरून आली आणि आम्हाला बघून हसू लागली.

"सकायी कोन भेटन रे तुमाले? दिवेलागणीले येजा. अन् हे कपाटं काढा आधी. हातात घेऊन पाह्यल्याबिगर भाजी कोन घेते?"

"मंग पयले काऊन नाई सांगितलं, आजी?" रुचिकाने विचारलं.

"तुमी इचारलं कवा?"

दुसऱ्या दिवशी काचा उतरल्या. शाळा सुटल्यावर पोरांनी मला पुन्हा ढकलत नेलं. केसांत कापसाचे धागे अडकलेल्या बायांनी मला गराडा घातला. कोणी वांगी दाबून बघतंय, कोणी जुडी हुंगतंय. बघता बघता मी रिकामी झाले. रुपा कमरेवर हात ठेवून हळूहळू आली, तेव्हा माझ्यावर एक काडीही उरली नव्हती. माझा जीव चरकला.

आनंदाबाईने पदराची गाठ सोडून दाखवली. आत मेथी होती.

"तुह्यासाठीच घेतली वं पोरी," ती म्हणाली आणि मुलांकडे वळली. "उद्या जास्त आणजा रे पोट्टेहो!"

उद्या! हा शब्द ऐकून मला हायसं वाटलं. त्या दिवशी प्रेमदासभाऊंनीही कुऱ्हाड आत ठेवून दिली.

मित्रांनो, कोणासाठी काही करायचं असेल, तर आधी त्याच्या ओसरीवर जाऊन बसा. पोरं त्या संध्याकाळी टोल्यावर बसून राहिली नसती, तर मी चुलीत गेले असते आणि रुपा पालेभाजीवाचूनच राहिली असती. आणि जमलं तर माझ्या चाकांना तेवढं तेल घाला. आता मला रोज जायचं आहे.