बक्षिसाची पेंढी

"साहेब, ही भाताची पेंढी तुम्ही स्वतः शेतात उतरून कापून आणलीत का?"

विचारलं खरं, पण विचारताना माझे कानच तापले. मागे मुळ्यांच्या आणि भोपळ्यांच्या ढिगाआड गोदू आणि रंभा श्वास रोखून उभ्या होत्या. पैज गोदूची होती. "शाळेत तपासणीस आले की पोपटासारखी बोलतेस ना, मग साहेबाला विचार. नाय विचारलंस तर उद्यापासून माझ्या बाकावर बसायचं नाय." मी काय, हो म्हणून बसले. गॅदरिंगच्या भाषणात पहिली आल्यापासून मला कुणी काही करशील का म्हटलं की माझं तोंड आधी हो म्हणतं आणि डोकं मागाहून येतं.

शेतकी खात्याच्या साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग हसले. "शेतात कशाला जायला हवं, बाळ? कापणी तर दिवाळीच्या आधीच उरकली. आमचा माणूस त्या शेतकऱ्याच्या घरी गेला होता. घरच्यांनीच काढून दिली. कुणाची मुलगी तू?"

हा प्रश्न मी हिशेबात धरलाच नव्हता.

"तुळशीरामची," मी म्हणाले.

साहेब एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारच्या मांडवातला बैल दचकला. "अहो ऐकलंत का, घरच्याच माणसाकडून आमची उलटतपासणी!"

पेंढीखाली पुठ्ठ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'खार जमीन, नवे बियाणे, पहिला क्रमांक.' आणि त्याखाली माझ्या बाबांचं नाव. एरवी मी ते नाव दहा जणींना ओढत आणून दाखवलं असतं. पण सकाळच्या सभेपासून ते नाव मला नीट वाचवतच नव्हतं.

संक्रांत झाली की पनवेलच्या मैदानात शेतकऱ्यांचा मेळावा भरतो. खाडीकाठचे, डोंगराकडचे, सगळ्या गावांचे लोक येतात. मोठ्या मांडवात भाषणं, बाजूला बैल, चारा, बियाणं, एक ट्रॅक्टरसुद्धा. त्या ट्रॅक्टरवर चढून बसायला म्हाताऱ्यांची पोरांपेक्षा जास्त गर्दी. दुसऱ्या दिवशी मुंबईहून पाहुणे येणार, बक्षिसं वाटणार आणि आमच्या शाळेच्या मुली स्वागतगीत म्हणणार. मी सगळ्यात पुढे, माइकजवळ.

तर सकाळच्या सभेत गोदूचा बाप काशिराम उठला. आमचं गाव खाडीला लागून आहे. आमची खार, म्हणजे खाऱ्या मातीची भातशेती, आणि खाडी यांच्या मध्ये एकच मातीचा बांध. त्या बांधाला गेल्या पावसाळ्यात खांड पडली आणि उधाणाचं पाणी सरळ शेतात घुसलं. काशिरामकाका म्हणाले, "साहेब, माती आमी टाकतो, सगळा गाव उतरतो. दगड अन् पानी सोडायच्या उघाडीच्या फळ्या तेवढ्या तुमी द्या. या पावसाआधी खांड भरली नाय तर आमची खार खाडीतच गेली म्हनून समजा."

साहेबांनी टेबलावरची पेंढी उचलून सगळ्यांना दाखवली. जाडजूड, पिवळीधमक, लोंब्या हातभर लोंबत होत्या. "ही बघा. तुमच्याच गावची, तुमच्याच खारातली. असं पीक येतंय म्हणजे बांध एवढा काही वाईट नाही. जिथं काहीच उगवलं नाही, त्या गावांना आधी दगड देऊ. तुमचा विचार पुढे करू."

काशिरामकाका खाली बसले नाहीत. ते वळून माझ्या बाबांकडे पाहत राहिले. बाबा पहिल्या रांगेत, खुर्चीवर, धुतलेली टोपी घालून बसले होते, आणि आपल्या वहाणांकडे बघत होते.

तिथून सगळं बिघडलं. मी चहाच्या टपरीशी गेले की आमच्या गावचे लोक बोलायचे थांबत. गणूतात्या, जे मला बघितलं की "काय गो मडमे" म्हटल्याशिवाय राहत नाहीत, ते कपात तोंड घालून बसले. कुणीतरी बाबांना ऐकू जाईल असं म्हणालं, "तुळशीराम, लोखंडी नांगर मिळतोय म्हनं बक्षिसात. खारात रुतला म्हंजे हाक मार, वढायला येऊ सगळे." सगळे हसले. पण ते हसणं काही चेष्टेतलं नव्हतं. आमच्या खारात नांगर चालतच नाही. चिखल असा की बैलाचे पाय उपटून काढावे लागतात. आम्ही हातानं ढेकळं उलटतो. हे साहेबांना ठाऊक नसेल, पण बाबांना तर ठाऊक होतं ना? मग ते बक्षीस घ्यायला का बसले होते?

"घरच्यांनी दिली म्हनजे कोनी दिली?" साहेब पुढे गेल्यावर गोदूनं मला गाठलं. "तुज्या बापानं?"

"मला काय माहीत?"

"तुजा बाप साहेबाच्या हातचं पान खात होता. मी बगितलं."

"पान खाल्लं म्हणून काय झालं? पान काय फक्त चोर खातात?"

"चोर मी बोलले नाय हां," गोदू म्हणाली. "तू बोललीस."

रंभानं तिला कोपर मारलं. पण गोदूचे डोळे भरून आले होते आणि ते मला दिसलं. तिच्या बापाची खार खांडीच्या तोंडाशी आहे. पाणी आलं की आधी त्यांच्याकडे येतं.

त्या गेल्या आणि मी पुन्हा पेंढीपाशी आले. या खेपेला नीट पाहिलं. आमच्या खाऱ्या भाताला लांब कुसळं असतात, मळणी झाली की ती अंगभर टोचतात. ह्या लोंब्यांना कुसळ नावाला नव्हतं. बरं, बियाणं नवं म्हणून नसतील कुसळं. बाबांनी जूनमध्ये साहेबांकडून नवं बी घेतलं होतं, हे खरं. पण ते खांडीच्या पाण्यात उभ्या उभ्या करपलं होतं. मी स्वतः ते उपटायला गेले होते! हाताला लागत होतं ते नुसतं काळं गवत. साहेबांना ते कुणी सांगितलं नसावं.

आणि पेंढी बांधली होती रानवेलीनं.

आम्ही पेंढ्या भाताच्याच काड्यांनी बांधतो. खाडीकाठी रान आहे कुठे वेल आणायला? वेलीनं बांधतात ते नेऱ्याकडे, डोंगराच्या पायथ्याला. तिथली जमीन गोडी, खारट नाही. तिथे माझा महादेवमामा राहतो.

मग मला आणखीही काय काय आठवायला लागलं. आई दरसाल मेळाव्याला येते, बांगड्या भरते, गुऱ्हाळाचा रस पिते. यंदा "अंग दुखतंय" म्हणून घरी राहिली. मामाला बक्षिसाचा निरोप पाठवू म्हटलं तर बाबा म्हणाले, "त्याला कशाला तसदी?" त्याला! जो मामा भाचीनं पाढे म्हटले तरी गावभर सांगतो, त्याला?

मी बाबांना शोधत बैलांच्या मांडवामागे गेले. ते एकटेच उभे होते, कुणाच्या तरी खोंडाची पाठ खाजवत.

"बाबा, ती पेंढी नेऱ्याची आहे ना?"

त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. माझ्याकडे नंतर. "घरी बोलू."

"म्हणजे आहे."

"चंद्रे, घरी बोलू बोललो ना?"

मेळाव्यातून गावापर्यंत आम्ही चालत आलो, ते पुढे आणि मी मागे. वाटेत मिठागरं लागली. बाबा तिथल्या कामकऱ्यांना रोज हाक मारतात. आज नाही मारली. मी मनात गोष्ट जुळवत होते. बाबांनी मामाकडून पेंढी मागून आणली. साहेबाला दिली. साहेबाला दाखवायला नवं बियाणं यशस्वी हवं होतं, बाबांना नांगर हवा होता. दोघांचं जमलं. मध्ये गावाचा बांध गेला. जितकी जुळवत होते तितकी ती चोख जुळत होती, आणि बाबांच्या पाठीकडे बघून मला ती मोडावीशी वाटत होती.

घरी आई चुलीपुढे वालाच्या शेंगा सोलत होती. मी वहाणा काढल्या आणि आधी तुळईकडे पाहिलं. भाऊबीजेला मामा ओवाळून घ्यायला येतो तेव्हा आपल्या शेतातली पहिली पेंढी बहिणीला आणतो. आई ती तुळईला टांगते, वर्षभर तिथे असते. आता तिथे नुसती खुंटी होती.

"आये, भाऊबीजेची पेंढी कुठं गेली?"

"उंदरांनी खाल्ली."

"अख्खी? काड्यांसकट?"

"मंग? उंदीर काय तुला विचारून खातात?"

"आपल्या घरचे उंदीर लय शिकलेले दिसतात," मी म्हणाले. "पेंढी पनवेलला नेली, मेळाव्यात मांडली, वर बाबांचं नाव लिवलं."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा उंबऱ्यावर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सांग तिला," ते म्हणाले. "तिला सगळं ठाव हाय. साहेबापुढं उभी राहून विचारून आली."

आई सांगू लागली, पण माझ्याकडे न बघता, शेंगांकडे बघून. "तुजा बापूस मिठागरात होता. तो मेळाव्याचा मानूस आला. बोलला, मेळाव्याला पेंढी पायजे, चांगली बघून द्या. मना वाटलं मांडवाला बांधायला पायजे. दरसाल मांडवाच्या खांबाला गावागावाची पेंढी बांधतात ना? घरातली बरी असंल ती देतात, कोनी विचारतंय काय कुठली म्हनून? आपली तर करपलेली. ती कशी देऊ? गावाचं नाव जाईल. मंग काडली तुळईवरची."

"आणि नवं बियाणं कसं आलं, ते त्यानं विचारलं नाही?"

"विचारलं. मी बोलले, घरधनी आल्यावर विचारा. तो पेंढी बगून खूश झाला, बोलला आता काय विचारायचं, दिसतंय की!"

मी बाबांकडे वळले. "आणि तुम्ही?"

"मना बाजारात समजलं. लोक पाठीवर थाप मारत होते. आदी मना वाटलं दुसरा कोन तुळशीराम असंल. मंग साहेबाच्या कचेरीत जाऊन पेंढी बगितली. वेल वळखली." त्यांनी टोपीची घडी घातली, पुन्हा उलगडली. "तवाच बोललो असतो तर झालं असतं. नाय बोललो. आता बोललो तर चोर मी, अन् चोरी केली तुज्या आयनं. पानवठ्यावर बाया काय बोलतील तिला? अन् महादेवाला काय तोंड दाखवायचं? भावानं ओवाळनीला आनलेली पेंढी बहिनीनं आपली म्हनून खपवली!"

माझी चोख जुळलेली गोष्ट मोडली. बरं वाटायला हवं होतं. पण थोडंच वाटलं. बाबा खरं सांगत होते, हे त्यांच्या खाली घातलेल्या मानेवरून कळत होतं. तरी सकाळी ते काशिरामकाकांपुढे वहाणांकडे बघत बसले होते, ते काही पुसलं जात नव्हतं.

"आणि बांध?" मी विचारलं.

"पुढल्या साली सांगू साहेबाला. पीक आलं नाय म्हनून सांगू."

"पुढल्या साली गोदूची खार उरंल? या पावसात खांड रुंद होनार. मग तिच्यामागं गणूतात्यांची, मग आपली."

"आपलीपन जाईल, मना ठाव नाय काय?" बाबा एकदम ओरडले. मग आवाज खाली आला. "एक दिवस जाऊ दे. बक्षीस नको बोलतो. आजारी पडतो. घरीच बसतो."

"तुम्ही घरी बसलात तरी पेंढी तिथंच हाय, बाबा. साहेब तीच दाखवनार. पाहुण्यांनाबी."

आई म्हणाली, "लोक इसरतात पोरी."

"काशिरामकाका इसरतील?"

चुलीतलं लाकूड चटचटलं. बाहेर कुणीतरी आमच्या दारापर्यंत आलं, पावलं थांबली आणि परत गेली. एरवी हाक आल्याशिवाय राहत नाही. आईनं दाराकडे पाहिलं, बाबांनी जमिनीकडे. हे आता रोज असं होणार, हे तिघांनाही कळलं. आमच्या दारापर्यंत यायचं आणि परत जायचं.

मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. साहेबांचं हसणं आठवत होतं आणि ते उद्या असंच हसतील याची मला खात्री नव्हती. मुख्याध्यापक मला गीतातून काढतील, हेही मनात आलं. आणि मामाचा चेहरा आला. पण मामाला मी ओळखते. तो पेंढीवर रागावणार नाही. आपण आजाराचं सोंग करून खरं लपवलं, तर रागावेल.

मी उठून आईच्या जवळ बसले, तिच्या सुपातल्या मूठभर शेंगा घेतल्या आणि त्या सोलत सोलतच म्हणाले, म्हणजे आवाज कापला तरी हात चालू दिसतील.

"आये, बाबा, ऐका. उद्या स्वागतगीत झालं की माइक माझ्यापुढं असनार. मी तिथंच सांगनार, की ही पेंढी नेऱ्याच्या महादेवमामाची, आमच्या आयनं ती मांडव सजवायला दिली, आमच्या खारातलं नवं भात खाऱ्या पाण्यात करपलं अन् बांधाला खांड हाय ती हाय. चोरी कोनी केली नाय, हेबी सांगनार. गीताच्या आदी बाबा स्वतः साहेबांपुढं जाऊन बोलले, तर मी नुसतं गाणं म्हनून खाली उतरंन. नाय बोलले, तर मी बोलनार. माझं ठरलं."