शेजारणीची झोपमोड

आमच्या नॉर्थ डकोटातला माणूस मरायला टेकला तरी "बरं चाललंय" म्हणतो, आणि असल्या माणसांच्या जिवासाठी मी कोर्टात भांडते. मी राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या कचेरीत वकील आहे. लोकांना वाटतं, आम्ही त्यांचे वकील. तसं नसतं. आम्ही सबंध राज्याचे वकील. कुणा एकाचं दुखणं कोर्टापुढे आणायचं तर त्यानेच साक्षीला उभं राहून ते सांगावं लागतं. आमचं घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

त्या जानेवारीत प्रकरण होतं डेल हार्टविगच्या वसाहतीचं. गावाबाहेरच्या माळावर ओळीने पत्र्याची लांबट घरं, सगळी भाड्याने दिलेली. हार्टविगने त्यांत भंगारातले गॅसचे हीटर आणून बसवले होते. आमच्या तपासनिसाने रिकाम्या घरांतले एकदोन उघडून पाहिले, तर त्यांतून कार्बन मोनॉक्साइड थेट घरात येत होता. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपतो तो उठतच नाही. राहत्या घरांचे हीटर मात्र बघायला मिळाले नाहीत, कारण भाडेकरूंनीच आम्हाला दारातून परत पाठवलं. तेही अगदी गोड बोलून. "आमचा चांगला चाललाय हो, तुम्ही कशाला तसदी घेता!"

हीटर ताबडतोब बंद करावेत आणि लोकांना मालकाच्या खर्चाने मोटेलात हलवावं, असा हुकूम मला हवा होता. आणि तो त्याच दिवशी हवा होता. रात्री हाडं गोठवणारी थंडी पडणार होती, म्हणजे सगळे हीटर रात्रभर धगधगणार. पण न्यायाधीश ऑर्विल नेस आधीच बजावून बसले होते, "रिकाम्या घरांवरून मी हुकूम देणार नाही. तिथे राहणारं माणूस आणा."

आख्ख्या वसाहतीत एकच बाई तयार झाली. आर्डिस ट्वेट, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली विधवा. तीसुद्धा का, तर "एवढी बर्फातून गाडी हाकत आलीस पोरी, तुला नाही कसं म्हणू?" तिच्या स्वयंपाकघरात कॉफी पिताना तिने मला सगळं सांगितलं होतं. हीटर पेटला की डोकं ठणकतं, मळमळतं, म्हणून ती भर थंडीत खिडकी उघडी टाकून झोपते.

साक्षीच्या पिंजऱ्यात मात्र तिचा नूरच पालटला.

"आर्डिसबाई, हीटर चालू असताना तुम्हाला काही त्रास होतो का?"

"छे! तसा काही नाही."

"डोकं दुखतं?"

"दुखतं थोडं. माझ्या वयात कुणाचं दुखत नाही?"

"रात्री खिडकी उघडी ठेवता ना?"

हार्टविगचा वकील ताडकन उठला. "साहेब, वकीलबाई साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालतायत."

"बरोबर आहे. प्रश्न बदला," न्यायाधीश म्हणाले.

"बरं, रात्री तुम्ही कशा झोपता?"

"पांघरूण घेऊन," आर्डिस म्हणाली, आणि मागे कुणीतरी खुदकन हसलं.

खोटं बोलण्यातली ती बाई नव्हती. चारचौघांत स्वतःचं रडगाणं गायचं नसतं, एवढंच तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. मला तिचा इतका राग आला की खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "वकीलबाई, तुमची साक्षीदारच म्हणतेय सगळं ठीक आहे." पलीकडचा वकील कागद आवरायला लागला.

मला माझी आई आठवली. मनगट मोडलेलं असताना ती डॉक्टरला शेजारणीच्या खोकल्याबद्दल सांगत बसली होती.

"आर्डिसबाई, तुमच्या शेजारी कोण राहतं?" मी विचारलं.

"लवोन."

"ती कशी आहे?"

"तिचं काही खरं नाही हो!" आर्डिस एकदम पुढे सरकून बसली. "तोंड बघा तिचं, राखेसारखं झालंय. परवा पायरीवर बसून ओकत होती. मांजर दिवसभर निपचित पडलेलं असतं. आणि रविवारी रात्री तिच्या घरातला तो वायूचा अलार्म नुसता कोकलत होता. पत्र्याच्या भिंती, मला सगळं ऐकू येतं. सकाळी बिचारी माझ्यासाठी लिंबाच्या वड्या घेऊन आली, माफी मागायला. म्हणाली, तुझी झोपमोड झाली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता त्यातले सेलच काढून टाकलेत, पुन्हा नाही व्हायचा तुला त्रास."

वकील उठायला लागला. न्यायाधीशांनी त्याच्याकडे न बघताच त्याला हाताने खाली बसवलं.

"बाई, आज सकाळी लवोन तुम्हाला दिसली का?" त्यांनी स्वतःच विचारलं.

"नाही. पडदे बंद होते. निघताना मी दार वाजवलं, हळूच. म्हटलं, झोपली असेल, कशाला उठवा..."

न्यायाधीश कारकुनाला म्हणाले, "शेरीफच्या पोलिसांना फोन लावा. दार फोडायला सांगा."

आम्ही वाट बघत राहिलो. आर्डिस पिंजऱ्यातच बसून होती, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून. "मी हळू वाजवलं," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली. तिच्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती.

शेवटी फोन वाजला. कारकुनाने ऐकलं आणि मान वर केली. "श्वास चालू आहे. शुद्ध नाही. इस्पितळात नेतायत."

न्यायाधीशांनी हुकमावर सही केली.

आर्डिसला घेऊन मी वसाहतीत पोचले तेव्हा शेरीफची माणसं दारोदार फिरत होती, पण फिरण्याची तऱ्हा बघून मी कपाळावर हात मारला. दारावर बोटाने टकटक करायचं, टोपी काढायची, दोन पावलं मागे सरून उभं राहायचं. दार फटीएवढं उघडे. "आम्ही ठीक आहोत हो, आधी त्या टोकाच्या म्हाताऱ्याकडे बघा." म्हातारा म्हणे, "मला काय धाड भरलीय? त्या पोराबाळांच्या घरी जा." पोराबाळांच्या घरची बाई म्हणे, आधी म्हाताऱ्याला न्या. मोटेलात जायला बस उभी होती, आणि तिच्यात एकही माणूस चढलं नव्हतं. ऊन उतरत चाललं होतं. प्रत्येक छपरातून धूर निघत होता, म्हणजे आत सगळे हीटर चालूच होते.

आर्डिस माझ्या गाडीतून उतरली. कुणाच्या तरी पायरीशी बर्फ उपसायचं फावडं पडलं होतं, ते तिने उचललं आणि पहिल्याच घराच्या पत्र्यावर दाणकन हाणलं.

"बाहेर या! कुणी ठीकबीक नाहीये! निघा सगळे!"

पुढचं घर, पुन्हा दाणकन. दारं उघडायला लागली. लोक पायमोज्यांवरच बर्फात उतरले. टोकाचा म्हातारा दारात येऊन तिच्यावर खेकसला, "आर्डिस, काय हा तमाशा! लोक काय म्हणतील?"

"जिवंत राहिले तर म्हणतील ना!" आर्डिस म्हणाली, आणि त्याला दंडाला धरून पायऱ्यांवरून खाली ओढलं.