तिसऱ्या अंकातलं विष

नाटक कंपनीत त्याला सगळे काडी म्हणत. गाल इतके बसलेले की रंग लावायची गरजच पडत नसे. उपाशी कैद्याची भूमिका त्याच्याशिवाय कुणाला जमणारच नाही, असं लोक म्हणत, आणि लोकांपेक्षा जास्त तो स्वतः म्हणे.

मग एकदा जिना चढताना त्याला धाप लागली आणि तपासणीत लाखात एखाद्याला होणारा आजार निघाला. रक्तातल्या पांढऱ्या पेशींची एक जात बेसुमार वाढून हृदयाला आतून सूज आणत होती.

"या पेशी खरं तर राखणीला असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे कुंपणच शेत खातंय. गोळी रोज घ्या. चुकवलीत तर जिवावर बेतेल."

गोळ्यांनी धाप गेली, पण गाल टम्म फुगले. "सात दिवस पोटात कण नाही," असं तो रंगमंचावर म्हणाला आणि प्रेक्षक खो खो हसले. दिग्दर्शक जेलर झालेल्या किडकिडीत नटाकडे विचारपूर्वक पाहू लागला. काडीच्या पायाखालची जमीनच सरकली.

तेव्हापासून तो घरी गोळी जिभेखाली धरायचा आणि बायकोची पाठ वळली की कुंडीत थुंकायचा. भूमिका गेल्यावर जगून करायचं काय, एवढाच त्याचा विचार. माणूस भला, पण अक्कल मेकअपच्या डब्यात ठेवलेली.

बायको कंपनीची प्रॉपर्टी सांभाळायची. तलवारी, कंदील, सगळं तिच्या पेटीत. तिसऱ्या अंकात कैदी विषाची गोळी खाऊन मरतो, ती साखरेची गोळीही तीच द्यायची. दुसऱ्या नटाने खोटं खोटं गिळलं असतं. काडी खरंच गिळायचा, त्याशिवाय गळा बोलत नाही म्हणे. हल्ली विष कडू लागायचं, पण बायको कामात चोख आहे, असं वाटून त्याला कौतुकच वाटे. सोमवारी प्रयोग नसायचा, तर ती घरी तालीम घ्यायची. "मरण कच्चं पडतंय तुमचं," ती म्हणायची. मग तो स्वयंपाकघरात मन लावून मरायचा.

गाल मात्र बसेनात. पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "पेशी आटोक्यात आहेत. गोळ्या नेमाने घेताय."

"एकही घेतली नाही," काडी ऐटीत म्हणाला. "नुसत्या मनोबलावर."

"रोज घेतात," बायको म्हणाली. "भरल्या नाट्यगृहात. कुंडीतल्या गोळ्या दिसल्या मला. म्हटलं, घरी थुंकतील, पण रंगमंचावर नाही थुंकणार."

"तू मला फसवलंस?"

"फसवलं. विधवेची भूमिका मला नाही जमायची."

काडीला खूप काही बोलायचं होतं, पण आधी रडूच आलं. डॉक्टरीणबाईंनी रुमाल पुढे केला. "वेळ तेवढी एकच ठेवा," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्याने आपणहून वाक्य बदललं. "सकाळपासून पोटात कण नाही," तो म्हणाला. लोक हसले, त्याने हसू दिलं. तिसऱ्या अंकात त्याने विष गिळलं, विंगेकडे वळला आणि तोंड उघडून रिकामी जीभ दाखवली.

विंगेतून बायकोने मान हलवली, तेव्हा कुठे तो मेला.