तीन फळ्या आणि फिरस्ता पाळणा

त्या घरातल्या पाळण्याला पाय फुटले होते म्हणायला हरकत नाही. सकाळी भिंतीशी लावलेला पाळणा दुपारपर्यंत खिडकीपाशी जाऊन उभा राहिलेला असायचा. त्याला चाकं होती हे खरं, पण चाकं आहेत म्हणून कोणी आपण होऊन फिरायला निघत नाही. आणि ज्याच्यासाठी तो आणला होता ते बाळ अजून आईच्या पोटातच लाथा झाडत होतं.

सुनेला वाटायचं, पाळणा नवरा सरकवतो. नवऱ्याला वाटायचं, बायकोला बाळ उजेडात हवंय, म्हणून ती सरकवते. सासऱ्यांना वाटायचं, या दोघांचं काय ठरत नाही ते त्यांचं त्यांनी बघावं. ते मुकाट्याने पाळणा उचलून परत भिंतीशी आणून ठेवायचे. सून एरवी दगडालाही प्रश्न विचारील अशी. चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकाकानांवर चष्मे नीट बसवून द्यायचं काम करता करता, ती गिऱ्हाइकाच्या आजोळची माहितीसुद्धा काढून घ्यायची. आता रजेवर होती, त्यामुळे सगळी चौकशी घरातच. पण पाळण्याबद्दल तिने नवऱ्याला विचारलं नाही. तो हल्ली जरा घुम्यासारखा वागत होता, आणि का ते तिला ठाऊक होतं.

सासरे आले होते ना घरी.

सासरे जहाजावरचे सुतार. उभा जन्म पाण्यावर गेलेला, निवृत्त झाल्यावरही ते बंदराजवळ एक खोली घेऊन एकटेच राहत. बाळाची बातमी कळल्यावर फोनवर म्हणाले, "बाळाच्या खोलीला फळ्या मी करतो, विकतच्या आणू नका." आणि एका खांद्यावर हत्यारांची पेटी, दुसऱ्या खांद्यावर कापडी बॅग घेऊन दारात हजर झाले. बूट काढायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "फळ्या झाल्या की निघतो." ती बॅग तेव्हापासून दारातच होती. सासरे तिच्यातून शर्ट काढत, घालत, धूत, वाळवत आणि घडी करून परत तिच्यातच ठेवत. सुनेने कपाटातला एक खण रिकामा करून दिला होता, तर "कशाला, दोन दिवसांचा तर प्रश्न," म्हणाले.

सुनेला ते जायला नको होते. तिचे आईवडील हयात नव्हते, नवरा बेकरीत भट्टी पेटवायला पहाटेच बाहेर पडायचा, आणि बाळाला घेऊन दिवसभर एकटीने त्या घरात बसायचं तिला नको वाटायचं. पण ही झाली सोयीची गोष्ट. खरं म्हणजे तिला म्हातारा आवडला होता. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी 'चौकशीची खिडकी' असं नाव ठेवलं आणि तरी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं, हे तिच्या माहेरीही कोणाला जमलं नव्हतं.

"त्यांना थांबायला सांग ना," ती नवऱ्याला म्हणाली होती. "मी काय, सून. तू सांगितलंस तर थांबतील."

नवरा भुवयांवरचं पीठ पुसत होता. "आधी फळ्या तर होऊ देत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? लहानपणी प्रत्येक सुट्टीत यायचे, माझ्या खोलीची भिंत मोजायचे. इथे फळी, इथे फळी, म्हणून पेन्सिलीने खुणा करायचे. मग कंपनीचं बोलावणं यायचं की चालले. पुढच्या सुट्टीत परत मोजायचे, कारण मी उंच झालेला असायचो. माझ्या वस्तू शेवटपर्यंत पलंगाखालच्या खोक्यात राहिल्या आणि भिंतीवर नुसत्या खुणा." एवढं बोलून तो झोपायला गेला. त्याला झोपेची घाई नव्हती, हे तिला कळलं.

त्यामुळे फळ्यांवर बरंच काही अवलंबून होतं. त्या नीट झाल्या, भिंतीवर बसल्या, तर नवऱ्याचं तोंड उघडेल अशी तिची आशा होती. नाही झाल्या, तर मात्र बॅग दारातून थेट बंदराला.

बाळाची खोली म्हणजे पूर्वीची उघडी गच्ची. घरमालकाने कधीतरी वर पत्रे टाकून, समोर खिडकी बसवून ती बंद करून घेतली होती. सासरे तिथे खोक्यांच्या जुन्या लाकडाला रंधा मारत बसत आणि सून खुर्ची टाकून त्यांच्यासमोर.

"कोपरे गोल का केलेत?"

"डोकं आपटलं तर कोपऱ्याला लागू नये म्हणून."

"कोपऱ्याला?"

"तुझ्या नवऱ्याचं डोकं मला माहितीये."

"आणि रंग नाही देणार? नुसतं मेण?"

"पोरं आधी चाटतात, मग बघतात."

"पुढच्या बाजूला हा कठडा कशाला?"

"जहाजावर कठड्याशिवाय फळी नसते. एक लाट आली की सगळं सामान खाली."

"पण घर कुठे हलतंय, बाबा?"

"पोर उभं राहू दे, मग सांग हलतं की नाही ते."

सगळ्यात खालची फळी त्यांनी गुडघ्याच्या उंचीला धरली होती. तिथे कोण काय ठेवणार, असं तिने विचारल्यावर ते पहिल्यांदाच रंधा थांबवून बोलले. "ती आपल्यासाठी नाही. ती बाळाची स्वतःची. धरून उभं राहायला लागलं की हात पोचला पाहिजे. आपली वस्तू आपण काढायची, आपण ठेवायची. कोणाची वाट बघायला लागू नये."

तिने खुर्चीतूनच हात खाली सोडून ती उंची अजमावून पाहिली.

फळ्यांची उंची घ्यायची त्यांची रीत तिला फार आवडली. त्यांनी एक काठी कापली, ती जमिनीवर उभी धरली आणि तिच्या टोकाशी भिंतीवर खूण केली. काठी उचलून पलीकडे धरली, दुसरी खूण केली. दोन खुणा जोडल्या की झाली रेघ.

"पाणसळ नाही लावत? गवंडी लावतात ती?"

"आयुष्यात लावली नाही. जहाजावर पाणसळीतला बुडबुडा दिवसभर इकडून तिकडे पळतो. कशाला कशाशी सरळ म्हणायचं? तिथे सगळं पायाखालच्या डेकपासून मोजायचं. डेक कलला की फळीपण कलली, भांडण मिटलं."

तिला हे तंतोतंत पटलं. दुकानात तीही तेच करायची. माणसाचे दोन कान कधी एका उंचीवर नसतात. चष्मा भुवयांना सरळ बसवला की माणूस खूश होऊन आरशात बघतो. जगाशी सरळ की नाही, हे कोण बघतंय?

फळ्या बसल्या. तीन, एकाखाली एक, मधाच्या रंगाच्या. सुनेने मान तिरकी करून, डोळा बारीक करून पाहिलं. चष्म्याची दांडी केसभर वाकडी असली तरी तिला दिसायची, इथे काहीही दिसलं नाही. तिने कौतुकाने मधल्या फळीवर बाळाचा लाकडी खुळखुळा ठेवला. तो गरगरत डावीकडे गेला आणि टोकाच्या पट्टीवर टक्‌ करून आपटला.

तिने तो परत उजवीकडे ठेवला. टक्‌.

झालं, डोक्यात भुंगा शिरला. सासरे बाहेर हात धूत होते तेवढ्यात तिने दोऱ्याचं रीळ आणलं, लिंबू आणलं, पेन्सिल आणली. तिन्ही फळ्यांवर सगळी मंडळी एकाच दिशेला पळाली, खिडकीकडे. तिने पेल्यात काठोकाठ पाणी भरून फळीवर ठेवलं, तर ते खिडकीच्या बाजूने सांडलं. मग तिने पोट सांभाळत, भिंतीला धरत खाली बसून लिंबू जमिनीवर ठेवलं. लिंबू क्षणभर विचार करत राहिलं आणि मग निवांत खिडकीकडे चालू लागलं. वाटेत पाळण्याचं चाक होतं, तिथे जाऊन टेकलं. पाळणा अर्थातच खिडकीपाशीच उभा होता.

"अगं बाई!" ती एकटीच मोठ्याने म्हणाली.

गच्ची होती ना ती! पावसाचं पाणी वाहून जायला जमिनीला उतार, वरच्या पत्र्यालाही तसाच उतार. सगळी खोलीच कललेली, त्यामुळे डोळ्याला काही खटकायचं कारणच नव्हतं. पाळण्याला पाय फुटले नव्हते. रस्त्यावरून मोठी गाडी गेली, दार आपटलं, की तो थोडा थोडा उतरत होता.

शोध लागल्याचा आनंद तिला फार तर मिनिटभर झाला. मग तिला कळलं की तो सासऱ्यांना सांगावा लागणार.

त्यांना सांगावं लागलंच नाही. ते टॉवेलला हात पुसत दारात उभे होते, आणि जमिनीवरचं लिंबू आणि फळीवरचं सांडलेलं पाणी बघत होते. त्यांनी आत येऊन खुळखुळा उजवीकडे ठेवला. टक्‌. त्यांचा चेहरा असा उतरला की तिला वाटलं, आपण कशाला ती लिंबं आणि रिळं काढत बसलो!

"डेकपासून मोजलं," ते म्हणाले. "जमिनीला पण डेक समजलो."

"बाबा, एवढंसं तर आहे. कठडे आहेतच, काही पडायचं नाही."

"पोराची फळी वाकडी ठेवायची?" त्यांनी पेटीतून पेचकस काढला. "जमिनीवरचं काम मला येत नाही, पोरी. चांगला सुतार बोलवा. मी निघतो उद्या."

नेमका तेव्हाच नवरा कामावरून आला. सासरे वरच्या फळीचा पहिला स्क्रू काढत होते. सुनेचा जीव टांगणीला लागला. आता हा म्हणणार, बघ, मी सांगितलं नव्हतं?

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

सुनेने खुळखुळा त्याच्या हातात दिला. "ठेवून बघ."

त्याने ठेवला. टक्‌. पुन्हा ठेवला. लिंबू जमिनीवर ठेवलं आणि ते जाईल तसा त्याच्यामागे वाकून वाकून चालत गेला, थेट पाळण्यापर्यंत. तिथे पोचल्यावर तो सरळ झाला आणि बायकोकडे बघतच राहिला.

"म्हणजे तू नाही सरकवत?"

"मला वाटलं तू!"

"आणि रोज भिंतीशी कोण आणून ठेवत होतं?"

सासऱ्यांनी पेचकस असलेला हात अर्धवट वर केला. नवरा आधी नाकातून हसला, मग त्याला आवरेनाच. किती दिवसांनी ते हसू घरात ऐकू येत होतं. सासरे मात्र हसले नाहीत.

"बाळ आत असताना सरकला असता तर?" ते म्हणाले.

नवरा हसायचा थांबला. "फळ्या वाकड्या झाल्या म्हणून कळलं तरी," तो हळूच म्हणाला. मग जरा वेळाने, "आता सरळ कशा करायच्या?"

"पाण्याच्या नळीने होईल. लांब, आरपार दिसणारी नळी. पाणी भरायचं, एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला येतं, जमीन काहीही म्हणो. पण एकट्याने होत नाही ते. दोन माणसं लागतात."

"मग? दोघं आहोत की."

समोर इमारतीचं बांधकाम चालू होतं. नवरा पिठाच्या कपड्यांतच खाली गेला आणि तिथल्या गवंड्याकडून नळी मागून आणली. मग फळ्या उतरवून बापलेक भिंतीच्या दोन टोकांना उभे राहिले आणि मध्ये ती पाण्याची नळी झोळीसारखी लोंबत राहिली.

"वर घे. अजून. अरे, एवढं नाही!"

"हलतंय अजून."

"हलू दे. धरून ठेव."

"तुमच्याकडे स्थिर झालं?"

"झालं. तुझ्याकडे?"

"झालं."

"कर खूण."

दोघांनी आपापल्या टोकाला पेन्सिलीने खूण केली. तिसऱ्या फळीपर्यंत ऊन खिडकीतून निघून गेलं होतं आणि नवरा पहाटेपासूनच्या कामाने पेंगुळला होता. त्याने नळी गुंडाळायला घेतली. "बास आता, बाबा. आज खुणा झाल्या, फळ्या उद्या लावू."

"नाही," सासरे म्हणाले.

"अहो, दमलात तुम्ही. उद्या..."

"खुणा करून ठेवायच्या नाहीत," सासरे भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "खूप केल्या. आजच लावायच्या."

नवऱ्याच्या हातातली नळी तशीच राहिली. मग त्याने ती खाली ठेवली आणि वरची फळी उचलून खुणेला धरली. सासरे स्क्रू पिळू लागले.

तिन्ही फळ्या लागल्या. खुळखुळा मधल्या फळीवर ठेवला, तो जागचा हलला नाही. गंमत अशी, की आता त्या फळ्या वाकड्या दिसत होत्या. कललेल्या खोलीत त्या तेवढ्या सरळ, म्हणून उठून दिसत होत्या. सुनेला कोणाच्या तरी नाकावर घसरलेला चष्मा पाहिल्यासारखं झालं आणि तिने मोठ्या कष्टाने तोंड बंद ठेवलं.

"वाकड्या दिसतात," नवरा म्हणाला.

"दिसणारच. चूक जमिनीची आहे."

"मग जमीन कधी सरळ करायची?"

सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं. "त्यावर दुसरी, लाकडी जमीन करावी लागेल. खालून पाचरी देऊन, फळीला फळी जुळवून. वेळ जाईल बराच."

"जाऊ दे."

"बाळ येईल तोवर. त्याच्या पुढेही, कदाचित."

"येऊ दे की. पाळणा तोवर आमच्या खोलीत राहील."

सासरे थोडा वेळ पेचकस पुसत राहिले, मग बाहेर गेले आणि दारातली बॅग घेऊन आले. ती दोन्ही हातांत धरून ते खोलीच्या मधोमध उभे राहिले, चुकीच्या गावी उतरलेल्या प्रवाशासारखे.

"माझे शर्ट कुठे ठेवू?"

कपाटातला खण रिकामाच आहे असं सुनेच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नवरा तिच्याआधी पुढे झाला. त्याने वडिलांच्या हातातून बॅग घेतली, गुडघे टेकून खाली बसला आणि चेन उघडली.

"या खालच्या फळीवर," तो म्हणाला. "बाळ उभं राहीपर्यंत रिकामीच आहे."