साफ हात

इफ्फतने कपाटाची काच स्पिरिटने पुसली, ती वाळू दिली आणि मगच दिवा पेटवला. स्वच्छ हवेच्या त्या कपाटासमोर तिची विद्यार्थिनी जमुना बसली. तिने चिमटा आचेवर धरला, निवू दिला, बरणीतला केळीचा कोंब अलगद उचलला आणि पात्याने तुकडे करून ते नव्या बरण्यांत लावू लागली. मागे प्रीतम हाताची घडी घालून पाहत होता. अकोल्याच्या त्याच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये केळीची रोपं तयार होत. हंगाम तोंडावर आला होता आणि माणसं कमी पडत होती. म्हणून तो अमरावतीच्या या कम्युनिटी कॉलेजात मुली निवडायला आला होता.

"चांगली तयारी करून घेतली मॅडम तुम्ही," तो म्हणाला. "याआधी कुठं होतात?"

इफ्फतने मास्क जरा वर ओढला.

"इकडंतिकडं."

म्हणजे याला आठवतही नव्हतं. तिला मात्र त्याच्या बुटांचा रंगसुद्धा आठवत होता. त्याच्याच लॅबमध्ये ती नोकरीला होती तेव्हा एकदा मोठे पाहुणे आले. प्रीतम त्यांना बुटांसकट रोपांच्या खोलीत घेऊन गेला, फोटोसाठी बरण्या उघडून दाखवल्या. आठवड्याच्या आत सगळ्या मांडण्यांवरच्या बरण्यांत बुरशी चढली. मग त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि इफ्फतकडे बोट करून सांगितलं, हिचा हात साफ नाही. इफ्फत नावाच्या बाईबद्दलच्या त्या वाक्यात आणखी काय काय आहे, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. तिलाही कळलं. वऱ्हाडातल्या लॅबवाल्यांची एकमेकांशी ओळख. तिला पुन्हा कुठे काम मिळालं नाही. अमरावतीच्या राजापेठेत शिकवण्या घेत घेत ती पुढचं शिकली आणि हा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा शिक्षिका म्हणून लागली.

मुली तयार करताना ती फार कडक होती. कोणाला वाटे मॅडमला कामाचं वेड आहे. ते होतंच. पण प्रीतमला या मुलींची गरज पडावी आणि एकही मिळू नये, ही वाट ती पहिल्या दिवसापासून पाहत होती. त्याला कॉलेजच्या नावाने बोलावणं तिनेच धाडलं होतं, आणि तो यायच्या आधीच बाकीच्या मुली शेंदूरजनाघाटला संत्र्याची कलमं करणाऱ्या लॅबमध्ये लावून दिल्या होत्या. उरली जमुना. तिची आई अकोल्यात अंथरुणाला खिळलेली, शेजाऱ्यांच्या भरवशावर. शिकण्यापुरती ती इथे मावशीकडे राहिली, नोकरी मात्र तिला अकोल्यातच हवी होती.

प्रीतम इफ्फतला बाजूला घेऊन म्हणाला, "हीच एक राहिली म्हणता, तर हिला नेतो. कशी आहे?"

हिचंही दुसरीकडे ठरलंय, असं सांगायचं तिने योजलं होतं. पण तोंडातून निघालं वेगळंच.

"हात साफ नाही तिचा."

प्रीतमचा चेहरा उतरला. रिकाम्या हाताने परतावं लागणार हे त्यावर स्पष्ट दिसलं आणि इफ्फतच्या छातीत गार वाटलं. इतकं गार तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तो सरळ जमुनाकडे गेला. मॅडम म्हणतात तुझा हात साफ नाही, आणखी सराव कर, असं त्याने तिला बघायला जमलेल्या शिक्षकांदेखत सांगितलं आणि निघून गेला.

जमुनाने हातातली बरणी बंद केली. दिवा विझवला. मग ती वळली.

"मॅडम, माहा हात?"

इफ्फत जिना उतरून धावत खाली गेली. प्राचार्य खुशालराव प्रीतमला गाडीपाशी निरोप देत होते. तिने मास्क काढला.

"ती मुलगी माझ्या वर्गातली सगळ्यात चांगली आहे. मी खोटं बोलले."

खुशालराव चमकले. तिने काय केलं हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

"मी इफ्फत," ती प्रीतमला म्हणाली. "बूट घालून पाहुणे तुम्ही आणले होते, सर. बरण्या तुम्ही उघडल्या होत्या."

आता प्रीतमने तिला ओळखलं. मग त्याची नजर खुशालरावांकडे गेली आणि खाली वळली. "मुलीला सोमवारी पाठवा," एवढंच म्हणून तो गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी खुशालरावांनी इफ्फतला बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी मुलींच्या नोकऱ्यांचं काम तिच्याकडे राहणार नाही, असं ते शांतपणे म्हणाले. तिने मान हलवली.

शनिवारी जमुना अ‍ॅप्रन परत द्यायला आली. धुऊन, इस्त्री करून आणला होता. गाडीपाशी झालेलं बोलणं तोवर तिच्या कानावर गेलं होतं. सगळ्या शिक्षकांच्या ती पाया पडली. इफ्फतसमोर मात्र नुसती उभी राहिली.

"जाऊन राहिली मी, मॅडम."

इफ्फतने तिला आईची काळजी घ्यायला सांगितलं. सकाळची गाडी बरी पडेल, म्हणाली. जमुना ऐकत होती. दारापर्यंत गेली आणि थांबली.

"तिथं कोनं विचारलं, कोनाजवळ शिकली, तर काय सांगू?"

तिने हे रागाने विचारलं नव्हतं. तिला खरोखरच उत्तर हवं होतं, आणि ते मिळेपर्यंत ती उंबऱ्यात उभी होती.