भूकमहाराजांचे तेज

दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. दाराशी चपलांचा ढीग. आत खुंटीला कपडे टांगावेत तशी दिसणारी पोरे, त्यांच्या हवालदिल आया, आजाराने खंगलेली माणसे. व्यासपीठावर भूकमहाराज, स्वतः काडीपैलवान. ही विसंगती कुणाला खुपत नव्हती. श्रद्धेला डोळे असतातच असे नाही.

"भूक ही देवी आहे, बाळांनो! ती रुसली की माणूस झिजतो. मी तिची समजूत घालतो. रोज एक पुडी घ्या. पण मधेच सोडाल तर कोप होईल. सोडणारा आडवा होतो!"

आणि बाळे खरोखरच गरगरीत होत होती. गाल फुग्यासारखे टम्म. भक्त त्याला तेज म्हणत. पुडी सोडलेला एक न्हावी दुकानातच कोसळला होता, त्यामुळे कोपही सिद्ध झाला होता.

माझी धाकटी बहीण शिवणकाम करते. लांबलेल्या आजारानंतर तिची अन्नावरची वासना उडाली आणि मेहुण्यांनी तिला येथे आणले. मी औषधे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. मी तपासायला पुडी मागितली, तर मेहुणे म्हणाले, "दादा, प्रसादाची कुणी परीक्षा घेतं का?"

शेवटी बंड केले ते बहिणीनेच. चेहरा सुजलेला, पोटावर जांभळे वळ, हातपाय मात्र काटकुळेच. तिने पुडी बंद केली. आठवडा उलटण्याआधीच ती शिवणयंत्राशेजारी घेरी येऊन पडली. उलट्या थांबेनात.

मेहुणे तिला उचलून महाराजांकडे निघाले. मी जिन्यात आडवा आलो.

"सरका दादा! न्हाव्याला महाराजांनीच उठवलं, एका पुडीत. तुमचं विज्ञान नंतर पाजळा!"

"नंतरच पाजळतो. आधी दवाखाना."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिचा रक्तदाब पाहिला, मग पुडीवाल्यांचे ते ओळखीचे टम्म गाल पाहिले. "पुडी कधी सोडली?" त्यांनी थेट विचारले आणि एक इंजेक्शन दिले. शिरेतून सलाइन सुरू झाले. काही वेळाने बहिणीने डोळे उघडले व पाणी मागितले.

मेहुण्यांनी हात जोडले. "देवी प्रसन्न झाली! न्हाव्यावर झाली होती तशीच!"

"देवी त्या औषधांच्या कपाटात होती, दुसऱ्या फळीवर," बाई म्हणाल्या. "मी मंत्र म्हटलेला ऐकलात?"

"नाही."

"मग न्हावी तरी मंत्रानं उठला असेल का?"

मेहुण्यांनी खिशातली पुडी काढून माझ्या हातावर ठेवली.

तपासणीत निघाली पिठीसाखर आणि कुटलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. जठरातून येणारे एक संप्रेरक भूक पेटवते, चरबीतून येणारे दुसरे ती शमवते. स्टेरॉइड हा तोल बिघडवते: खा-खा सुटते, अंगात पाणी साठते, चरबी गालांवर चढते. तेज म्हणतात ते हेच. स्टेरॉइडसारखेच संप्रेरक शरीरातल्या दोन इवल्या ग्रंथी स्वतः बनवतात. बाहेरून आयता पुरवठा झाला की त्या झोपी जातात. पुडी अचानक थांबली की शरीर उघडे पडते, रक्तदाब कोसळतो. कोप म्हणतात तो हाच. न्हाव्याच्या पुडीने आणि बाईंच्या इंजेक्शनाने तेच परत दिले, म्हणून दोघे उठले. एका भेसळीतून वरही आणि शापही!

डॉक्टरीणबाईंनी महाराजांच्या भर दालनात येऊन हे सांगितले आणि विचारले, "महाराज, देवी तुमच्यावरच का हो रुसली? घ्या की रोज एक पुडी."

"आमचं... व्रत आहे."

मागे कुणीतरी फसकन हसले. त्या दालनात उमटलेला तो पहिला शहाणा आवाज. मग पुड्या व्यासपीठावर येऊन पडू लागल्या.

"फेकू नका!" बाई ओरडल्या. "एकदम सोडलीत तर खरंच आडवे व्हाल. पुडी घेऊन आजच दवाखान्यात या. मात्रा हळूहळू उतरवावी लागेल." गर्दी वळली, तोवर महाराज मागच्या दाराने पसार झाले होते. चपला न घालता.

बहिणीचे औषध उतरायला बरेच महिने लागले. गाल ओसरले तेव्हा मेहुणे हळहळले, "तेज गेलं हो."

"सूज गेली," ती म्हणाली. "वाढा आता. मला भूक लागलीय, माझी स्वतःची."

वाचकहो, गुण आला म्हणून हात जोडू नका. गुण विषानेही येतो. आधी पुडीत काय आहे ते विचारा. आणि जो सांगत नाही, त्याच्या हातचे पाणीही पिऊ नका.